सदाशिव पेठेतली एक अभ्यासिका आणि तिथली रविवारची परीक्षा

अभ्यासिकेचं नाव लिहिणार नाही, कारण ती चालवणाऱ्या काकांनीच नको म्हणून सांगितलंय. त्यांच्याकडे खुर्च्या ४२, आणि त्यातल्या मुलींच्या बाजूला फक्त १६. जाहिरात झाली की लोक येतात, जागा नाही म्हणून परत जातात, ते त्यांना बरं वाटत नाही. पेरूगेट पोलीस चौकीपासून चालत पाच-सात मिनिटं, खाली झेरॉक्सचं दुकान, बाजूने अरुंद लाकडी जिना. ज्याला शोधायचंय त्याला एवढं पुरेल.

मी मूळची बार्शीची. बाबा तिथल्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात मुनीम आहेत. पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षाचा एम-थ्री (गणिताचा पेपर) दोनदा राहिला, डिसेंबरात आणि मग पुन्हा मे महिन्यात. आमच्याकडे दुसरं वर्ष पूर्ण सुटल्याशिवाय शेवटच्या वर्षाला बसता येत नाही. म्हणजे एक विषय राहिला तरी अख्खं वर्ष घरी. ज्यांनी हे भोगलंय त्यांना ‘वायडी’ (इयर डाउन) हा शब्द ऐकला की पोटात काय होतं ते वेगळं सांगायला नको.

मला गणित येत नाही असं नव्हतं. प्रॉबॅबिलिटीची गणितं मी मैत्रिणींना समजावून सांगायचे. पण पेपर हातात आला की पहिली काही मिनिटं अक्षरं दिसायची, शब्द लागायचे नाहीत. तळहाताला इतका घाम यायचा की उत्तरपत्रिकेचा कोपरा ओला होऊन फुगायचा. सुपरवायझर सही करायला शेजारी उभे राहिले की लिहिता लिहिता हात थांबायचा, आणि ते पुढे गेल्यावरही कुठवर आले होते ते आठवायचं नाही. मे महिन्यातल्या पेपरला व्हेक्टरचा एक प्रश्न मी आदल्या रात्री जसाच्या तसा सोडवला होता. तोच आला. तो ओळखायलाच मला वीस मिनिटं लागली.

घरी सांगितलं की उत्तर एकच, ‘अजून अभ्यास कर’. रूमवर तेच, कॉलेजात तेच. म्हणून ऑगस्टात शांत जागा हवी म्हणून मी अभ्यासिका शोधत होते, आणि त्यातून हे सापडलं. आधी अभ्यासिकेबद्दल सांगते.

महिना १,४०० रुपये, डिपॉझिट ५००, ते सोडताना खरंच परत मिळतं (माझ्या शेजारच्या मुलीला माझ्यासमोर मिळालं). सकाळी ६ ते रात्री ११. मुलींची खोली वेगळी, तिला आतून कडी आहे आणि रात्री साडेनऊनंतर जिन्यातला दिवा कधीही बंद नसतो. प्रत्येकीला लाकडी कप्पा, एक प्लग, एक छोटा दिवा. वायफाय आहे, पण त्याचा पासवर्ड दर आठवड्याला बदलतो आणि तो मागायला काकांकडे जावं लागतं, त्यामुळे आपोआपच कमी वापरला जातो. खुर्च्यांना गादी नाही. एसी नाही. मार्च ते मे वरच्या मजल्यावर तापतं, असं जुन्या मुली सांगतात.

एवढ्याच गोष्टी पाहायच्या तर पेठेत याहून चांगल्या जागा आहेत. मी हे लिहायला बसले ते रविवारसाठी.

काका निवृत्त व्हायच्या आधी ३२ वर्षं एका कॉलेजच्या परीक्षा विभागात क्लार्क होते. प्रश्नपत्रिकांची पाकिटं, ब्लॉकची मांडणी, सीट नंबर, गैरहजेरीचे तक्ते, सगळं आयुष्य त्यात गेलं. त्यांच्या अभ्यासिकेत मुख्यतः एमपीएससीची मुलं बसतात. २०२३ च्या सुरुवातीला एमपीएससीच्या नव्या वर्णनात्मक (लेखी उत्तरांच्या) पद्धतीवरून अलका चौकात जी आंदोलनं झाली, त्यात या खोलीतली निम्मी मुलं होती. नवी पद्धत २०२५ पर्यंत पुढे गेली, पण येणार हे नक्की झालं. वर्षानुवर्षं गोळे काळे करायची सवय लागलेल्या मुलांना आता हाताने पानंच्या पानं लिहायची होती, आणि अर्ध्या तासात बोटं आखडायची. तेव्हा काकांनी मागची मोठी खोली रिकामी केली, बंद पडलेल्या एका शाळेतून जुने बाक विकत आणले आणि दर रविवारी लेखी सराव सुरू केला. इंजिनिअरिंगची, फार्मसीची, बीकॉमची आम्ही मुलं त्यात नंतर घुसलो. ज्याने त्याने आपला पेपर आणायचा, वेळ त्या पेपरची.

सराव पेपर तर प्रत्येक क्लास घेतो. इथे वेगळं हे आहे की काकांना परीक्षेचा हॉल आतून बाहेरून पाठ आहे, आणि आपल्याला ज्या ज्या गोष्टींनी घाबरायला होतं त्या त्यांनी जशाच्या तशा मांडल्यात.

सकाळी ९ ला दाराबाहेर फळ्यावर सीट नंबर लागतात. ते दर रविवारी वेगळे असतात, म्हणजे आपला बाक शोधण्याची ती धावपळ होतेच. बॅगा बाहेर, मोबाइल एका पिशवीत. भिंतीवर मोठं घड्याळ, काटा टकटक वाजणारं. पावणेदहाला पितळी टोलाचा पहिला ठोका, कोऱ्या उत्तरपत्रिका वाटल्या जातात. आकार खऱ्यासारखा, पहिल्या पानावर चौकटी, सीट नंबर अंकात आणि अक्षरात. दहाला दुसरा ठोका, पेपर. पाकीट आपल्यासमोर फोडतात, कागद फाटल्याचा तो आवाजसुद्धा येतो.

आणि मग मधल्या गोष्टी. एमपीएससीचा एक मोठा मुलगा सुपरवायझर असतो. तो मुद्दाम अशा वेळी सही करायला येतो जेव्हा आपण गणिताच्या मध्यात असतो, आणि हॉल तिकिटावरचा फोटो बघत दोन क्षण जास्तच उभा राहतो. चाळिसाव्या मिनिटाला कुणीतरी मागून ओरडतं, ‘सर, ग्राफ पेपर!’ ते ज्याला ओरडायचंय त्याला काकांनी आधी चिठ्ठी दिलेली असते. पहिल्या रविवारी तो आवाज आला आणि मी माझा अख्खा पेपर उलटसुलट केला, आपल्या कुठल्या प्रश्नात ग्राफ आहे? एम-थ्रीला ग्राफ नसतोच. तरी मी शोधत होते. खऱ्या परीक्षेत माझं हेच होत आलं होतं, पण ते असं वेगळं काढून मला कधी दिसलं नव्हतं.

यापेक्षाही कामाची एक साधी गोष्ट आहे. दर अर्ध्या तासाला टोल पडतो आणि तेव्हा आपण जिथे लिहीत असू तिथे समासात एक आडवी रेघ मारायची. बाकी काही नाही. आमचा सत्तर मार्कांचा पेपर अडीच तासांचा असतो, म्हणजे रेघा पाच. एका मार्काला जेमतेम दोन मिनिटं पडतात.

पहिल्या रविवारी पेपर संपल्यावर काकांनी माझी उत्तरपत्रिका चाळली. त्यांना एम-थ्री येत नाही, ते तसं स्पष्ट सांगतात. त्यांनी फक्त रेघा पाहिल्या. पहिली रेघ होती पहिल्याच पानाच्या मध्यावर. दुसरी दुसऱ्या पानाच्या शेवटी. त्यानंतर मात्र एकेका रेघेत मी साडेतीन-चार पानं लिहिली होती. ते म्हणाले, “अगं, तुझा पेपर वाईट नाही. तुझा पहिला अर्धा तास वाईट आहे.”

दीड वर्षं मी स्वतःला सांगत होते की मला परीक्षा झेपत नाही, आपलं डोकंच इंजिनिअरिंगचं नाही, बाबांचे पैसे वाया चाललेत. आणि इथे समासात दिसत होतं की अडीच तासांतले दोन तास मी व्यवस्थित होते. त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले, पण ते रडणं वेगळं होतं. अर्ध्या तासाचं काहीतरी करता येतं. ‘मी अशीच आहे’ याचं काही करता येत नाही.

मग त्या अर्ध्या तासावर काम सुरू झालं. काकांनी सांगितलं ते इतकंच की पेपर मिळाल्यावर पहिली पाच मिनिटं पेन खाली ठेवायचं, नुसतं वाचायचं, आणि ज्या प्रश्नाची पहिली ओळ आपल्याला लगेच सुचते त्याच्यापुढे टिंब द्यायचं. मग टिंबाच्या प्रश्नातला सगळ्यात छोटा भाग आधी. एक नंबरपासून सुरुवात करायची नाही. मला शाळेपासून क्रमाने लिहायची सवय, ती मोडायला तीन रविवार गेले.

दुसरी गोष्ट आमच्यातल्याच एका ताईकडून आली, ती मानसशास्त्रात एमए करते. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात शिकागो विद्यापीठातल्या रामिरेझ आणि बाइलॉक यांचा एक शोधनिबंध आला होता. परीक्षेच्या ऐन आधी दहा मिनिटं आपल्याला कशाची भीती वाटतेय ते कागदावर लिहून काढायचं. त्यांच्या प्रयोगात खूप घाबरणाऱ्या मुलांना याचा फायदा दिसला. मनात जी काळजी फिरत असते ती विचार करायची जागा अडवून ठेवते, लिहिली की ती जागा थोडी मोकळी होते, असं त्यामागचं कारण ताईने सांगितलं. तेव्हापासून रविवारी साडेनऊ ते नऊ चाळीस पाठकोरे कागद वाटले जातात. लिहायचं आणि फाडून डब्यात टाकायचं, कुणी वाचत नाही. मी पहिल्यांदा लिहिलं ते फक्त ‘बाबा फोन करून विचारतील पेपर कसा गेला’ एवढंच, सहा-सात वेळा. मला याचा उपयोग झाला. माझ्या शेजारी बसणाऱ्या फार्मसीच्या मुलीला झाला नाही, तिला उलट लिहिल्याने भीती जास्त जवळ आल्यासारखी वाटायची. तिने दोन रविवारांनी सोडून दिलं आणि त्या वेळात ती गच्चीवर चालते. काकांनी तिला एका शब्दाने विचारलं नाही. सक्ती कशाचीच नाही, हे मला या जागेबद्दल सगळ्यात आवडलं.

पेपर तपासण्याबद्दल मात्र अपेक्षा बेताच्या ठेवा. सीनिअर मुलं आपापसात तपासतात, प्रत्येक विषयाला कुणी असतंच असं नाही. एम-थ्रीला होतं, थर्मोडायनॅमिक्सला नव्हतं. बीकॉमच्या मुलींना तर आपलं आपणच मॉडेल उत्तरांवरून बघावं लागतं. मार्क लगेच सांगत नाहीत, बुधवारी मिळतात. सुरुवातीला मला याचा राग यायचा. पेपर संपल्यावर अर्धा तास पेपराबद्दल बोलायचं नाही असाही नियम आहे, आणि तो मात्र कडक आहे. खाली कोपऱ्यावर पोहे मिळतात, तिथे सगळे जातात आणि क्रिकेटवर बोलतात. कॉलेजात पेपर सुटल्यावर ‘तीन ब चं उत्तर काय आलं रे’ यानेच माझा पुढचा पेपर जायचा, त्यामुळे या नियमाची किंमत मला लवकर कळली.

आता तक्रारी. मुलींसाठी स्वच्छतागृह एकच आहे आणि रविवारी वीस-बावीस मुली असतात. पेपर सुरू व्हायच्या आधी तिथे रांग लागते. परीक्षेच्या भीतीने ज्यांचं पोट बिघडतं (माझं बिघडायचं) त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. मी दोनदा सांगितलंय. दुसरं, जिन्याच्या भिंतीवर निवड झालेल्या अधिकाऱ्यांचे हार घातलेले फोटो आहेत, पार वरपर्यंत. चढताना एकेक चेहरा बघत वर जायचं म्हणजे पेपरच्या आधी आणखी एक पेपर. सहा-सहा वर्षं तिथे बसलेली मुलं आहेत, त्यांना रोज तेच फोटो दिसतात. पूर्वी ते रविवारच्या खोलीतही होते. आम्ही चार-पाच जणींनी सांगितल्यावर काकांनी तिथले काढले, जिन्यातले मात्र राहिले. तिसरं, मागच्या गल्लीत दुचाकीचं गॅरेज आहे आणि ते रविवारीही चालू असतं. काका म्हणतात खऱ्या परीक्षेतही आवाज येतोच. खरंय, पण साडेदहाला सायलेन्सरशिवाय गाडी रेस केली की खिडकी बंद करावीच लागते, आणि मग गुदमरतं.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलाचा श्वास लागला. छाती धरून बसला, हात वाकडे व्हायला लागले. काकांनी टोल नाही वाजवला, आवाज नाही केला. त्याला गच्चीवर नेलं, खाली बसवलं, हळू श्वास सोडायला सांगत राहिले, आणि त्याच्या मोठ्या भावाला बोलावून त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवलं. नंतर आम्हाला सगळ्यांना जमवून त्यांनी सांगितलं की ही खोली सरावाची आहे, उपचाराची नाही. ज्याला रात्री झोपच येत नाही, जेवण जात नाही, जगणं नको वाटतं, त्याने रविवारची वाट बघत थांबू नये, त्या क्षणी माझ्याशी बोलावं. पाण्याच्या फिल्टरवर त्यांनी ठळक अक्षरांत १४४१६ लिहून ठेवलंय. ही टेली मानसची हेल्पलाइन, केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली. मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. माझ्या रूममेटने एका रात्री लावला होता. अर्धा तास बोलली आणि झोपली.

हे खरं तर कॉलेजांचं काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात सांगितलं की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, आणि परीक्षेच्या काळात विद्यार्थ्यांच्या लहान गटांना मार्गदर्शक किंवा समुपदेशक नेमून द्यावा. आमच्या कॉलेजात एका दारावर पाटी आहे, तिच्यावर भेटीच्या वेळेची जागा कोरी आहे. मी तीन वर्षांत ते दार उघडं पाहिलेलं नाही. दोन हजार मुलं त्या दारासमोरून जातात. सबमिशनच्या आठवड्यात जर्नलवर सह्या घ्यायला रात्री अकरापर्यंत कॉलेज उघडं ठेवता येतं, तर परीक्षेच्या आधी चार रविवार एक वर्ग आणि एक टोल देता येणार नाही का? बाक त्यांच्याकडेच आहेत. उत्तरपत्रिका त्यांच्याकडेच आहेत. हे मी रागाने लिहितेय आणि तो राग मला लपवायचा नाही.

मी सप्टेंबरच्या शेवटापासून नऊ रविवार बसले. सगळ्या उत्तरपत्रिका जपून ठेवल्यात. तिसऱ्या रविवारी पहिली रेघ पहिल्या पानाच्या तळाशी होती. पाचव्याला पुन्हा वर सरकली, कारण आदल्या रात्री घरी फोनवर भांडण झालं होतं. सातव्याला ती दुसऱ्या पानावर गेली, नवव्याला तिसऱ्या पानाच्या मध्यावर. शेवटपर्यंत तळहाताला घाम येत होता. आता मी डाव्या हाताखाली रुमाल ठेवते आणि लिहीत राहते.

डिसेंबरात एम-थ्रीचा पेपर झाला. आमच्या ब्लॉकमध्ये इतर शाखांची बॅकलॉगची मुलंही होती. सव्वा तास झाला असेल, खिडकीकडून एकाने खरंच ग्राफ पेपर मागितला. माझं पेन थांबलं नाही. पेपर संपल्यावर लक्षात आलं की खऱ्या उत्तरपत्रिकेच्या समासातही मी सवयीने पेन्सिलने रेघा मारल्या होत्या, त्या घाईघाईने खोडल्या. विषय सुटला. बाबांना फोन केला तेव्हा ते यार्डात होते, मागे हमालांचा आवाज होता, त्यांना मला दोनदा सांगावं लागलं.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो स्वच्छतागृहासाठी, आणि ते दुसरं बांधलं की मी इथे येऊन बदलेन.

रविवारसाठी सभासद असायची गरज नाही, बाहेरच्यांना ४० रुपये. शुक्रवारी संध्याकाळी ७ च्या आत खाली झेरॉक्सवाल्याकडच्या वहीत नाव, विषय आणि पेपरची वेळ लिहायची. आपल्या पेपरची एक प्रत पाकिटात बंद करून तिथेच द्यायची, आणि ती स्वतः आधी वाचायची नाही, मैत्रिणीला निवडायला सांगायची. हॉल तिकीट नसेल तर कॉलेजचं ओळखपत्र चालतं, पण विसरलात तर आत सोडत नाहीत, मला एकदा परत पाठवलंय. पाण्याची बाटली न्या, लेबल काढून. आणि नऊच्या आधी पोचा, म्हणजे रांग लागायच्या आत जाऊन येता येईल.